आखडलेला मसिका

सोमालियातले उंटपाळ दुष्काळांना नावं देतात. १९७४-७५ चा तो 'दबडेर', म्हणजे लांब शेपटीचा. आपल्याकडे नुसतं 'बहात्तरचा' म्हटलं की पुरतं, तसंच हे. त्या वेळी सरकारनं सोव्हिएत विमानांतून सुमारे लाखभर पशुपालक दक्षिणेकडच्या शेती-मासेमारीच्या वसाहतींत नेऊन बसवले. उंट राखणाऱ्याच्या हाती जाळं! त्यातले बरेच जण पाऊस पडताच परतले.

पूर्व आफ्रिकेत पावसाळे दोन. ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा आणि मार्च ते मेचा मोठा. स्वाहिलीत मोठ्याला 'मसिका' म्हणतात. सूर्यामागोमाग उत्तरेकडे सरकणारा पावसाचा पट्टा वाटेत हा पाऊस पाडतो. पुढे जूनमध्ये याच किनाऱ्यालगत वळणारे वेगवान वारे आपल्याकडे मोसमी पाऊस आणतात.

१९८० च्या दशकापासून मसिका ओसरत गेला. १९९८ नंतर तर ठळकपणे. कारण दूर पॅसिफिकमध्ये आहे. त्याचा पश्चिम भाग तापला, तिथली हवा जोरानं वर चढू लागली आणि वर चढलेली ती हवा पूर्व आफ्रिकेच्या बाजूला खाली उतरू लागली. उतरत्या हवेत ढग धरत नाहीत. ला निना असली की हे चक्र आणखी बळावतं. मराठवाडा ज्या ला निनाची वाट बघतो, तीच तिकडे छोटा पाऊस बुडवते आणि अलीकडे मसिकालाही नडते.

२०१९ च्या एका अभ्यासात दिसलं, की मसिकाचा जोर घटलेला नाही, दिवस घटलेत. उशिरा येतो, लवकर जातो. सोमालियातलं 'बेर्कद' म्हणजे जमिनीत खणून सिमेंटनं बांधलेलं टाकं. ते याच सरींवर भरतं. हंगाम आखडला की टाकं लवकर तळ गाठतं आणि विकतच्या पाण्याचे टँकर सुरू होतात. हवामानाची बहुतेक संगणकीय प्रारूपं मात्र मसिका वाढेल असंच सांगतात! २०१८ आणि २०२४ मध्ये तो धो धो पडलाही.

२०१०-११ मध्ये दोन्ही हंगाम बुडाले. अभ्यासकांनी वेळेत इशारा दिला होता. पैसा मात्र २० जुलै २०११ ला संयुक्त राष्ट्रांनी 'फॅमिन', म्हणजे उपासमारीचा दुष्काळ, जाहीर केल्यावरच वाहू लागला. सोमालियात सुमारे २,५८,००० माणसं गेली, निम्मी पाच वर्षांखालची मुलं. हवामानशास्त्राला यात दोष देता येणार नाही.

२०२० पासून पाच हंगाम ओळीनं कोरडे गेले. या वेळी मदत तुलनेनं लवकर पोहोचली. तरीही एकट्या २०२२ मध्ये सोमालियात सुमारे ४३,००० जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.