फिरंगी व्यापाऱ्यांची साक्ष आणि बालाघाटचा मुलूख

मोगल साम्राज्याच्या आर्थिक इतिहासासाठी युरोपीय व्यापाऱ्यांचे वृत्तांत हे महत्त्वाचे साधन आहे. त्याचे मोल ठरवताना दोन प्रश्न विचारावे लागतात: लिहिणारा कोणत्या वाटेने गेला, आणि तो कशासाठी लिहीत होता?

प्रथम वाट. सुरतेहून आग्र्याला जाणारा एक राजमार्ग बऱ्हाणपूर, सिरोंजवरून जाई. त्यामुळे बऱ्हाणपूर वारंवार दिसते. इंग्रज व्यापारी राल्फ फिच याने १५८०च्या दशकात तिथल्या सुती कापडाची नोंद केली. पुढे फ्रेंच व्यापारी ताव्हेर्नियेने तिथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहिले. याच वाटेने १६३०-३१ मध्ये जाणाऱ्या इंग्रज व्यापारी पीटर मंडीला दुष्काळाने पडलेली प्रेते दिसली. बऱ्हाणपुरात तेव्हा शाहजहानची छावणी होती आणि धान्याचा ओघ तिकडे वळला होता. बाजार सत्तेच्या मागे कसा धावतो, हे या नोंदींतून कळते.

दुसरा मुद्दा हेतूचा. आग्र्यात १६२० ते १६२७ पर्यंत राहिलेला पेल्सार्ट डच कंपनीसाठी नीळ खरेदी करी. त्यामुळे निळीची प्रत, भाव आणि दलालीबद्दल तो नेमके बोलतो. कारागिरांची मजुरी आणि सुभेदारांची जुलूमशाही यांवरचे त्याचे शेरेही मोलाचे आहेत. पण ते मुख्यतः आग्र्याच्या अनुभवातून आलेले आहेत. साऱ्या साम्राज्याला ते लावता येत नाहीत.

आता या वाटेबाहेर राहिलेला मुलूख, बालाघाट. आजचा जिल्हा १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांतील भाग जोडून झाला. सतराव्या शतकात लांजीसह हा मुलूख गोंड सत्तांच्या छायेत होता, राजमार्गापासून दूर. १६३७ मध्ये मोगल सरदार खान दौरानने देवगडच्या गोंड राजाकडून खंडणी घेतली. म्हणजे साम्राज्याचा हात या बाजूला पोचला. सुरतेच्या वखारीची वही पोचली नाही.

राजमार्ग आणि रानातला मुलूख या दोन्ही जगांना जोडणारा दुवा म्हणजे बंजारा. मंडीने १६३२ मध्ये धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा पाहिला. ताव्हेर्निये सांगतो, बंजाऱ्यांचे चार गट होते आणि प्रत्येक गट धान्य, तांदूळ, डाळ किंवा मीठ यांपैकी एकच माल वाही. समोरून तांडा आला की गाड्या दोन-तीन दिवस खोळंबत. परदेशी प्रवाशाला तांडा म्हणजे वाटेतली अडचण. रानातल्या गावाला मात्र मिठाची सोय. रेल्वे येईपर्यंत छत्तीसगढचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून नागपूरकडे जाई.

निष्कर्ष असा: या वृत्तांतांतील भाव, वजने आणि जकाती पुरावा म्हणून घ्याव्यात, समाजावरचे शेरे लेखकाच्या वाटेपुरते मानावेत. एखाद्या मुलखाबद्दल ते गप्प असतील, तर तिथे व्यापार नव्हता असा अर्थ काढू नये.