दिव्यांग अपत्याची पोटगी ट्रस्टमध्ये : अमेरिकेतील तरतूद

अमेरिकेत घटस्फोटानंतर वडिलांनी दिव्यांग अपत्यासाठी नियमित भरलेली पोटगीच त्याची सरकारी मदत बंद पाडू शकते. मदतीच्या नियमांतच हा पेच असून, त्यावर तोडगा म्हणून पोटगी थेट विशेष ट्रस्टमध्ये जमा करण्याचा मार्ग न्यायालये आणि वकील अवलंबतात.

गरीब वृद्ध, अंध आणि दिव्यांग व्यक्तींना दरमहा रोख साहाय्य देणारी 'एसएसआय' ही केंद्रीय योजना १९७४ मध्ये सुरू झाली. बहुतेक राज्यांत या योजनेला जोडूनच 'मेडिकेड' हे मोफत वैद्यकीय संरक्षण मिळते आणि अनेक कुटुंबांना रोख रकमेपेक्षा त्याचेच मोल अधिक वाटते. मात्र लाभार्थीच्या नावे दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. ही मर्यादा १९८९ पासून वाढलेलीच नाही!

पोटगीचा हिशेब वयानुसार बदलतो. अपत्य अज्ञान असेल, तर पोटगीचा एक तृतीयांश भाग वगळून उरलेली रक्कम त्याचे उत्पन्न समजली जाते. सज्ञान झाल्यावर ही सवलत संपते. २०२५ मध्ये एसएसआयची कमाल केंद्रीय रक्कम दरमहा ९६७ डॉलर होती. समजा, पोटगी १,२०० डॉलर आहे आणि अन्य कोणतेही उत्पन्न जमेस धरले जात नाही. अशा स्थितीत अज्ञान मुलाच्या खाती आठशे डॉलर उत्पन्न लागते. त्यातून वीस डॉलरची सर्वसाधारण सूट वजा जाता त्याला १८७ डॉलर मिळतात. तोच मुलगा सज्ञान झाल्यावर १,१८० डॉलर उत्पन्न धरले जाते आणि साहाय्य शून्यावर येते. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांची पोटगी अनेक राज्यांत पुढेही चालू राहत असल्याने हा प्रश्न केवळ कागदोपत्री नाही.

ट्रस्टचा आधार १९९३ च्या केंद्रीय कायद्यात आहे. लाभार्थी ६५ वर्षांखालील असावा, ट्रस्ट केवळ त्याच्याच हितासाठी असावा आणि त्याच्या मृत्यूनंतर उरलेल्या रकमेतून मेडिकेडच्या खर्चाची परतफेड व्हावी, या त्याच्या प्रमुख अटी. आजोबांनी स्वतःच्या पैशातून नातवासाठी केलेल्या ट्रस्टला परतफेडीची अट नसते. पोटगी मात्र कायद्याने अपत्याचीच मानली जाते. ती आजोबांच्या ट्रस्टमध्ये भरण्याची चूक महागात पडते. तसेच पोटगी ट्रस्टकडे वळविण्याचा न्यायालयाचा स्पष्ट आदेश हवा. आईने धनादेश स्वीकारून नंतर ट्रस्टमध्ये भरला, तर ते उत्पन्नच ठरते.

आईच्या दृष्टीने यातली खरी अडचण वेगळीच आहे. ज्या पैशातून ती घर चालवीत होती, तो आता विश्वस्ताच्या ताब्यात जातो. त्यातून उपचार, उपकरणे, शिक्षण, प्रवास असा मुलाचा खर्च भागविता येतो. त्याच्या हाती रोख दिल्यास साहाय्य घटते. अन्नखर्चाने होणारी कपात ३० सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली. निवाऱ्याच्या खर्चाने होणारी कपात कायम आहे, पण ती कमाल केंद्रीय रकमेच्या सुमारे एक तृतीयांशावर थांबते. म्हणूनच विश्वस्ताने भाडे भरूनही काही कुटुंबांना हा व्यवहार परवडतो.

पोटगी लहान असेल, तर स्वतंत्र ट्रस्टचा वकिली आणि व्यवस्थापन खर्च डोईजड होतो. तेथे ना-नफा संस्थांचे सामायिक ट्रस्ट उपयोगी पडतात. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये विकासात्मक अपंगत्व असलेल्या अपत्यांची पोटगी २६ वर्षांपर्यंत वाढविण्याची सोय केली आणि ती अशा ट्रस्टमध्ये भरण्याचा आदेश देण्याचा अधिकारही न्यायालयांना दिला.

तेथील मराठी कुटुंबांनाही हे नियम लागू होतात. पालक भारतीय नागरिक असले, तरी अमेरिकेत जन्मलेले अपत्य सर्वसाधारणपणे तेथील नागरिक असते आणि उत्पन्न व अपंगत्वाच्या अटी पूर्ण झाल्यास एसएसआयला पात्र ठरू शकते. घटस्फोटाच्या तडजोडीत ट्रस्टचा उल्लेख राहून गेला असल्यास आदेशात बदल मागण्यासाठी पुन्हा न्यायालयात जावे लागते. मधल्या काळात हाती आलेली पोटगी उत्पन्न म्हणून धरली जाते.