रेघ मारलेले शून्य

नववीचे गणिताचे मास्तर रजेवर गेले म्हणजे त्यांचे तास माझ्याकडे येतात. मी मूळचा मराठीचा माणूस, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. गणितात माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. गेल्या वर्षी ‘संच’ हा धडा चालू होता. एका मुलीने रिक्त संचासाठी वाटोळे शून्य काढून त्यावर तिरकी रेघ मारली. पुस्तकात ग्रीक ‘फाय’ होता. मी गुण कापला.

“सर, मोबाइलवर असंच दिसतं.”

“मोबाइल परीक्षेला बसणार नाही,” मी म्हणालो. वर्ग हसला. ती मान खाली घालून बसली.

तिची ती खाली गेलेली मान काही मनातून जाईना. म्हणून पुस्तके काढली, आणि वाचकहो, चूक माझी निघाली!

रिक्त संच म्हणजे दिवाळीनंतरचा चकल्यांचा डबा: डबा आहे, आत काही नाही. त्यात शून्य लिहिलेली चिठ्ठी टाकली, तर तो रिकामा राहत नाही. आत एक वस्तू आली. म्हणून त्याला शून्याहून निराळे चिन्ह हवे. १९३९ साली बूर्बाकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांनी संचांवरील पुस्तिकेसाठी ते निवडले. हे काम आपले, असे आंद्रे व्हेय यांनी १९९१ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. चिन्ह आले नॉर्वेच्या वर्णमालेतून. त्या मंडळीत ती एकट्या व्हेयना ठाऊक होती. डॅनिश भाषेत हेच अक्षर एकटे लिहिले की त्याचा अर्थ होतो ‘बेट’. ग्रीक फायचा याच्याशी संबंध नाही. तो केवळ दिसायला जवळचा, म्हणून छापखान्यांत आणि फळ्यांवर शिरला.

हे व्हेय १९३० ते १९३२ अलीगढला प्राध्यापक होते. तेथे त्यांच्या हाताखाली गोव्याचे एक तरुण गणिती आले: दामोदर धर्मानंद कोसंबी. व्हेय यांच्याच सुचवण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक निबंध छापला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, कधी जन्मालाच न आलेल्या रशियन गणितज्ञाचा गंभीरपणे हवाला दिला. गणिताच्या वाङ्मयात हे नाव उमटले ते प्रथम येथे! पॅरिसची मंडळी एकत्र आली ती नंतर. कोसंबी पुढे आपल्या फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले आणि १९६६ साली पुण्यातच वारले. इतिहासकार म्हणून त्यांना सारे ओळखतात. ही थट्टा फार थोड्यांना ठाऊक.

संगणकात आता रिक्त संच, नॉर्वेचे अक्षर आणि फाय यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. रिक्त संचाचा २२०५. डोळ्यांना पहिली दोन सारखीच. पण एकाच्या जागी दुसरे टंकले, तर शोधताना यंत्राला ते सापडत नाही. घाईत टंकणारे आम्ही शिक्षक मात्र हाताला लागेल ते ठोकून देतो.

सुटी लागण्यापूर्वी मी तिची वही मागवली, वर्गासमोर गुण परत लिहिला आणि कोसंबींची गोष्ट सांगितली. वर्ग पुन्हा हसला. या खेपेस ती सर्वांत मोठ्याने हसली.