विषाणूंच्या घरची कात्री

आमच्या नवापूरचे नाव देशभर झाले ते फेब्रुवारी २००६ मध्ये, आणि तेही एका विषाणूमुळे! भारतातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्र्यांमध्ये सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तेव्हापासून 'विषाणू' हा शब्द इथे कोणी चांगल्या अर्थाने घेत नाही. पण मंडळी, सगळेच विषाणू आपले वैरी नसतात. काही फक्त जिवाणूंच्या जिवावर उठलेले असतात. त्यांची गोष्ट आपल्या मुंबईतूनही जाते.

१८९६ साली आग्र्याचे अर्नेस्ट हँकिन यांनी दाखवून दिले की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. पाणी उकळले की मात्र हा गुण जातो. पुढे १९१७ मध्ये पॅरिसला फेलिक्स द'हेरेल यांनी जिवाणूंना मारणारे विषाणू ओळखले आणि त्यांना 'बॅक्टेरिओफाज' हे नाव दिले. हँकिन यांनी पाहिली ती करामत यांचीच असावी, असे पुष्कळजण मानतात. द'हेरेल १९२६ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आले. प्लेगवर फाज चालतात का, हे त्यांना पाहायचे होते. नंतर त्यांनी पंजाबात कॉलऱ्याच्या रोग्यांवर प्रयोग केले.

मग प्रतिजैविकांचे युग आले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलीन देशातच बनू लागले. त्याने असंख्य जीव वाचवले, हे विसरता येणार नाही. फाज मात्र मागे पडले. सोव्हिएत जॉर्जियासारख्या थोड्या ठिकाणीच ते टिकले. पेनिसिलीन अपुऱ्या मात्रेत दिले तर जंतू त्याला दाद देईनासे होतील, असे खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच बजावले होते. आपण ऐकले नाही. माणसांना दिली, जनावरांना दिली, कोंबड्यांच्या खाद्यातही औषधे मिसळली. शेवटच्या उपायांपैकी एक असलेले कोलिस्टिन खाद्यजन्य प्राण्यांना द्यायला भारत सरकारने बंदी घातली, तीसुद्धा २०१९ मध्ये!

म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा फाजांकडे वळले आहेत. फाज जिवाणूच्या आत शिरतो, आपली पिलावळ वाढवतो आणि बाहेर पडताना जिवाणूची भिंत आतून कापतो. ही कात्री म्हणजे एक विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. मग विषाणू हवाच कशाला, नुसती कात्रीच बाहेरून चालवली तर? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात व्हिन्सेंट फिशेटी यांच्या गटाने २००१ मध्ये उंदरांच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू असे मारून दाखवले. त्यापुढची पायरी म्हणजे कात्रीच नव्याने घडवणे. बंगळूरच्या गंगाजेन कंपनीने एका फाजच्या शेपटीतल्या विकराचा कापणारा भाग घेतला, त्याला दुसऱ्या प्रथिनाचा जंतूला चिकटणारा भाग जोडला आणि स्टॅफिलोकॉकसविरुद्ध 'पी-१२८' तयार केले. कंपनीच्या नावातली गंगा पाहून हँकिनची आठवण होते!

अर्थात सगळे सोपे नाही. काही जिवाणूंना भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते. तिथे साधी कात्री पोचत नाही. एक्सेबाकेस नावाच्या अशाच औषधाची अमेरिकेतली मोठी चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली, कारण अपेक्षित फायदा दिसेना.

तरी ही कात्री एक दिवस दवाखान्यात येईल, असे मला वाटते. काळजी आहे ती वेगळीच. पिंपरीचे पेनिसिलीन हाती आले तेव्हाही आपल्याला सगळे जिंकल्यासारखे वाटले होते. औषध नवे असेल, पण ते वापरणारे आपण तेच जुने. ते जपून वापरायचे की पुन्हा खाद्याच्या गोणीत ओतायचे, हे प्रयोगशाळा ठरवणार नाही. ते आपल्यालाच ठरवायचे आहे.