काचेच्या पेटीतील झाड

कुंडीतले झाड वाळले म्हणजे आपल्याकडे साधारणतः दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक, ‘पाणी कमी पडले असेल’. आणि दुसरा, ‘त्याला हाताला गुण लागतो हो!’ अमक्याने नुसती काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, आणि तमक्याने गुलाबाचे जातिवंत कलम आणले तरी ते पंधरा दिवसांत मान टाकते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. मग त्याचे श्रेय अगर दोष हाताच्या गुणावर घालून आपण मोकळे होतो. हाताला गुण असतो हे आम्ही नाकारीत नाही. पण हा गुण म्हणजे नेमके काय, ह्याचे एक उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. ते लंडनच्या पूर्व भागातील एका धुरकट वस्तीत, एका डॉक्टराच्या घरी, १८२९ साली सापडले. आणि त्यातून पुढे चहा, कोयनेल व रबर ह्या तीन वस्तूंचा भूगोलच बदलून गेला. त्या कथेचा आज विचार करू.

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. जमिनीतले झाड आपली सोय आपण पाहते. पाणी खोल गेले तर मुळे खोल जातात. एका बाजूस खडक लागला तर दुसरीकडे वळतात. कुंडीत लावलेल्या झाडाची ही सर्व स्वतंत्रता आपण काढून घेतो आणि त्याचा सगळा भार आपल्यावर घेतो. हा भार केवढा असतो? स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने सूर्यफुलाचे एक झाड कुंडीत लावून, कुंडीचे तोंड झाकून, ते सकाळ-संध्याकाळ तोलून पाहिले. साडेतीन फूट उंचीचे ते झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी पानांवाटे हवेत सोडून देत होते. हे त्याने १७२७ साली प्रसिद्ध केले. पुढे १७७९ साली यान इंगेनहाउस ह्या डच वैद्याने दाखवून दिले की, हिरवी पाने हवा शुद्ध करतात ती फक्त प्रकाशात, अंधारात नव्हे. म्हणजे झाडाला पाणी हवे, पाने स्वच्छ हवीत आणि प्रकाश हवा, इतके ज्ञान अठराव्या शतकाच्या अखेरीस विद्वानांच्या पदरी जमा झाले होते. तरीही झाडे मरतच होती!

लंडन शहरात तर ती सर्रास मरत. दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध जॉन एव्हलिन ह्याने १६६१ सालीच एक पुस्तिका लिहून राजाला सादर केली होती. राजाने ती वाचली. धूर मात्र गेला नाही. १७२२ साली थॉमस फेअरचाइल्ड ह्या अनुभवी माळ्याने ‘शहरातला माळी’ अशा अर्थाच्या नावाचे एक लहानसे पुस्तक काढले. त्यात लंडनच्या धुरातही कोणती झाडे तग धरतात आणि कोणती धरीत नाहीत, ह्याचा ऊहापोह आहे. तीनशे वर्षांपूर्वी शहरातल्या माणसाला गॅलरीत आणि चौकात झाड जगवण्यासाठी पुस्तकाचा आधार घ्यावा लागत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपली तक्रार नवी नाही.

जमिनीवर ही स्थिती. मग समुद्रावर काय होत असेल? परदेशची झाडे जहाजातून आणणे हा त्या काळचा मोठा हव्यास होता आणि मोठा व्यापारही होता. झाड डेकवर ठेवावे तर खाऱ्या पाण्याचे तुषार पाने जाळीत; तळाशी ठेवावे तर प्रकाशावाचून ते पिवळे पडे. आणि गोडे पाणी? जेथे खलाशांना पाणी मोजून मिळे, तेथे झाडांना कोण घालणार?

बाउंटी जहाजाची हकीगत ह्या दृष्टीने बोलकी आहे. वेस्ट इंडीजमधील गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून ताहिती बेटावरून नीरफणसाची रोपे नेण्याचा बेत इंग्रज सरकारने केला आणि १७८७ साली कॅप्टन ब्लाय ह्याला रवाना केले. कॅप्टनची मोठी खोलीच रोपांसाठी मोकळी केली होती. तिच्या जमिनीवर शिशाचा पत्रा घातला होता आणि कुंड्यांतून झिरपणारे पाणी पिंपात गोळा होऊन पुन्हा वापरता येईल अशी योजना केली होती. माणसे दाटीवाटीने राहिली, झाडे ऐसपैस! हजारांहून अधिक रोपे चढवली गेली. पण २८ एप्रिल १७८९ रोजी खलाशांनी बंड केले आणि रोपे समुद्रात फेकून दिली. ब्लाय हा हट्टी मनुष्य. दुसऱ्या सफरीत, १७९३ साली, त्याने रोपे वेस्ट इंडीजला पोहोचवलीच. परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्या गुलामांनी ते फळ प्रथम तोंडातही धरले नाही. झाड जगवणे आणि ते कोणासाठी जगवणे, हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे येथे प्रथम दिसते. एवढा सरकारी इतमाम नसेल तेथे काय होई, ते कँटन येथील डॉक्टर जॉन लिव्हिंगस्टन ह्याने १८१९ साली लिहून ठेवले आहे: चीनमधून निघालेल्या हजार झाडांपैकी एखादे इंग्लंडला जिवंत पोहोचते.

अशा स्थितीत डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड आपल्याला भेटतो. लंडनच्या गोद्यांजवळ वेलक्लोज चौकात तो वैद्यकी करी. त्याला नेच्यांचे वेड. घराच्या मागे दगडांचा बांध रचून त्यावर नेचे आणि शेवाळ वाढवावे, वरून पाणी ठिबकत ठेवावे, अशी त्याची हौस. पण भोवतालच्या कारखान्यांच्या धुराने नेचे एकामागून एक मेले आणि त्याने तो नाद सोडला. १८२९ साली एका पतंगाचा कोश फुटताना पाहावा म्हणून त्याने रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत ओली माती घातली, तीत कोश ठेवला आणि वर झाकण लावले. रोज बाटली पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की, दिवसा उन्हाने मातीतला ओलावा वर चढतो, काचेवर थेंब धरतो आणि पुन्हा मातीतच परत येतो. पाऊस, ढग आणि जमीन हे सगळे त्या बाटलीतच होते! पतंग बाहेर पडण्याच्या सुमारास एक आठवडा आधी मातीतून दोन अंकुर वर आले. एक गवताचा होता, दुसरा नेच्याचा. जो नेचा बांधावर वर्षानुवर्षे जोपासूनही जगला नाही, तो बाटलीत न मागता उगवला होता.

वॉर्डने ती बाटली खिडकीबाहेर उत्तरेच्या बाजूस ठेवली. जवळजवळ चार वर्षे त्या दोन रोपांना कोणी पाण्याचा थेंबही घातला नाही, आणि ती वाढत राहिली. शेवटी ती मेली ती कशाने? वॉर्ड घरी नसताना झाकण गंजले आणि पावसाचे पाणी आत शिरले. चार वर्षे पाण्यावाचून जगलेली झाडे पाणी जास्त झाल्याने मेली! ‘पाणी कमी पडले असेल’ असे चटकन म्हणणाऱ्यांनी ह्या बाटलीची आठवण ठेवावी. मुळांनाही हवा लागते; माती सदा चिंब राहिली की ती गुदमरून कुजतात आणि वरून झाड तहानलेले असावे तसे कोमेजते. मग आपण दयेने आणखी पाणी घालतो.

ह्याच तत्त्वावर वॉर्डने काचेच्या पेट्या करवल्या आणि त्यांत नेचे व गवते लावून १८३३ सालच्या जूनमध्ये दोन पेट्या ‘डर्बी’ जहाजातून सिडनीस पाठवल्या. कॅप्टन मॅलर्डने त्या डेकवर, उजेडात ठेवल्या. बहुतेक सर्व रोपे सुखरूप पोहोचली. खरी कसोटी परतीच्या वाटेवर होती. १८३४ सालच्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातील रोपे भरून पेट्या निघाल्या. केप हॉर्नपाशी उष्णमान २० अंश फॅरनहाइटवर उतरले, डेकवर फूटभर बर्फ साचले. विषुववृत्तावर पारा १२० अंशांवर गेला. आठ महिन्यांनी, एकदाही पाणी न घालता, रोपे लंडनला ताजीतवानी उतरली. हॅकनेचा प्रसिद्ध रोपवाटिकावाला लॉडिजेस म्हणे की, पूर्वी वीस झाडांतली एकोणीस मरत, आता वीसांतली एकोणीस जगतात. वॉर्डने १८४२ साली ह्या विषयावर पुस्तक लिहिले. तशीच पेटी एका स्कॉटिश गृहस्थाने काही वर्षे आधी केली होती. परंतु त्याने ती कोणाला सांगितली नाही. वॉर्डने सांगितली, आणि पेटीला नाव वॉर्डचे पडले.

पेटीने दोन वाटांनी प्रवास केला. एक वाट दिवाणखान्यात गेली. १८४५ साली इंग्लंडमधील काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली, आणि घरोघर नेच्यांच्या पेट्या आल्या. त्या काळी घरांत दगडी कोळशाच्या वायूचे दिवे लागत आणि त्यांमुळे उघड्यावरची रोपे पाने गाळीत. त्या वायूतील एथिलीन हेच रोपांना विकृत करणारे द्रव्य, हे रशियात नेल्युबोव्ह ह्या विद्यार्थ्याने १९०१ साली दाखवले. पण पेटीतल्या नेच्याचे रक्षण त्याआधीच होऊ लागले होते. ह्या हौसेलाही दुसरी बाजू होती. नेचे गोळा करण्याची अशी लाट उसळली की, कित्येक दरीखोऱ्यांतून दुर्मिळ नेचे मुळासकट उपटले गेले. घरात झाड जगले. रानात ते नाहीसे होऊ लागले.

दुसरी वाट साम्राज्याची. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश माळी १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत चीनमध्ये शिरला, तो चिनी वेष करून. चहाचे बी लवकर निर्जीव होते. म्हणून त्याने ते पेट्यांतल्या मातीतच पेरले. वाटेत ते रुजले आणि १८५१ साली बारा हजारांवर रोपे, चिनी कारागिरांसह, हिमालयाच्या मळ्यांकडे आली. आसामात चहाचे झाड मूळचेच होते हे खरे; परंतु चिनी वाणाची ही रोपे डोंगरी मळ्यांत आली ती ह्या पेट्यांतून. रबराची कथाही अशीच. १८७६ साली ब्राझीलमधून ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत आल्या, त्यांतल्या अडीच हजारांच्या वर रुजल्या, आणि ३८ पेट्यांतून १,९१९ रोपे सिलोनला गेली. पुढल्या चाळीस वर्षांच्या आत आशियातील मळ्यांनी ब्राझीलच्या रानातील रबराला बाजारात मागे टाकले. ज्या देशाचे ते झाड, त्याचा व्यापार बसला.

कोयनेलची कथा आपल्या अधिक जवळची आहे. हिवतापावरचे ते औषध सिंकोनाच्या सालीतून निघते. क्लेमेंट्स मार्कहॅमने १८६० साली पेरूहून आणलेली रोपे तांबड्या समुद्रातील उष्म्याने पेटीत असूनही इतकी खचली की, निलगिरीस पोहोचल्यावर बहुतेक सर्व मेली. दुसऱ्या वर्षी स्प्रूस ह्या संशोधकाने इक्वेडोरात मिळवलेली तांबड्या सालीची रोपे आली आणि ती निलगिरीत रुजली. हे पाहून आपल्या महाबळेश्वरीही, लिंगमळ्यास, सिंकोनाचा मळा घालण्यात आला. पण तेथे तो तग धरू शकला नाही. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत! काचेने समुद्र ओलांडून दिला. आकाश बदलून देणे काचेच्या हाती नव्हते.

आणखी एक गोष्ट काचेने केली. झाडाबरोबर माती आली, आणि मातीबरोबर किडी, अंडी, बुरश्या ह्याही निर्धोक प्रवास करू लागल्या. त्या थोपवण्यासाठी देशोदेशी कायदे करावे लागले. आपल्याकडे १९१४ साली विध्वंसक कीटकांविषयीचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे २००३ सालच्या आदेशाने परदेशी रोपांच्या आयातीवर नियम घातले गेले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हाताचा गुण म्हणजे काय? वॉर्डचा हात इतरांहून निराळा नव्हता. बांधावरचे त्याचे नेचे मेलेच होते. निराळी होती ती त्याची पाहण्याची सवय. झाडाला काय द्यावे ह्याऐवजी झाडाभोवती काय चालले आहे, हे त्याने रोज पाहिले. आपल्या गॅलरीतल्या तुळशीला ऊन किती वेळ मिळते, माती बोटभर खोल ओली आहे की कोरडी, कुंडीच्या बुडाचे भोक बुजले आहे काय, हे पाहणाऱ्याच्या हाताला लोक गुण म्हणतात. पाणी घालणे सोपे आहे. घालावे की न घालावे हे ठरवणे कठीण आहे.

पण एवढ्यावर थांबणे बरे नव्हे. वॉर्डने धूर काढला नाही. धुरातून झाड काढले. वेलक्लोज चौकातील नेचा काचेआड हिरवागार झाला, आणि त्याच चौकातील मुले तोच धूर घेत वाढली. वॉर्ड डॉक्टर होता आणि ही विसंगती त्याला कळत होती. त्याच्या पुस्तकाच्या अखेरच्या भागात गरिबांच्या घरांना उजेड आणि स्वच्छ हवा मिळाली पाहिजे, असा आग्रह आहे. खिडक्यांवरील कर १८५१ साली उठला. धूर मात्र १९५२ सालच्या डिसेंबरपर्यंत हटला नव्हता. त्या महिन्यात धूर आणि धुके ह्यांनी लंडनमध्ये, तेव्हाच्या सरकारी मोजणीप्रमाणे, सुमारे चार हजार माणसे मेली. मागाहूनचे अंदाज ह्याहून पुष्कळ मोठे आहेत. त्यानंतर १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला. एव्हलिनच्या पुस्तिकेला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती.

झाडाने दिलेली सूचना इतकी जुनी होती. आपल्या शहरांतही गॅलरीतली पाने काळवंडतात, रस्त्याकडेची कुंडी आधी मरते. अशा वेळी झाड आत घेणे योग्यच आहे. परंतु ते आत घेताना, ज्या हवेत ते जगू शकले नाही त्या हवेत बाहेर कोण उभे आहे, इकडेही आपले लक्ष असावे.