सुरूचे बन : कळंब किनाऱ्यावरील वाडीचे कुंपण

कळंब, राजोडी, अर्नाळा येथील सुरूच्या बनाकडे बरेच जण सहलीची जागा म्हणून पाहतात. तुमची केळी-भाजीची वाडी त्यामागे असेल, तर खारा वारा आणि उडती वाळू तेच अडवते.

सुरू मूळचा इथला नाही; 1868 च्या सुमारास कारवारला जळणासाठी त्याची लागवड झाली. निव्वळ वाळूत तो टिकतो, कारण मुळांवरच्या गाठींतील फ्रँकिया हे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. म्हणून रोपांच्या पिशव्या भरताना जुन्या, निरोगी सुरूखालची थोडी माती मिसळावी. रोगट झाडाखालची आणू नये.

पट्टा भिंतीसारखा गच्च नको. गच्च पट्ट्यामागे वारा भोवरा घेऊन पिकावरच आपटतो. थोडा वारा झिरपू देणारा पट्टा उंचीच्या 10 ते 15 पट अंतरापर्यंत उपयोगी पडतो.

2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातील अभ्यासात खारफुटी व सुरूच्या पट्ट्यांमागे नुकसान कमी आढळले. पण सुरूच्या सावलीत, काड्यांच्या थराखाली दुसरे फारसे उगवत नाही, आणि लाटांनी वाळू ओढली की मुळे उघडी पडून झाड कोसळते. अशा ओळीत पुन्हा सुरूच लावणे म्हणजे रोपे वाया घालवणे. माझ्या मते पुढची वाळू मर्यादवेलीला सोडावी, सुरू मागे घ्यावा आणि त्याच्या आडोशाला उंडी, करंज, भेंडी लावावीत. बन सरकारी असेल, तर आधी वनविभागाला विचारा.