उन्हाळ्यात ॲक्सोलॉटलचं पाणी थंड कसं ठेवायचं?
रील्समध्ये कायम हसरा दिसणारा ॲक्सोलॉटल हा सॅलमँडर मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमधला. ही जागा समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच, त्यामुळे पाणी गार. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं; २४ च्या वर त्रास सुरू होतो. मे महिन्यात मुंबईतल्या घरात टाकीचं पाणी सहज ३० पर्यंत जातं.

पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, शरीराची गरज मात्र वाढते. खाणं सुटणं, कल्ले पुढे वळणं, अंगावर कापसासारखी बुरशी ही धोक्याची लक्षणं. (चेहऱ्यावर जाऊ नका, तो आजारी असतानाही हसराच दिसतो.)

पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश उतरतं. माठाचंच तत्त्व! म्हणूनच दमट मुंबईत हा उपाय लंगडा पडतो. विदर्भात हवा कोरडी, पण खोलीच ३८ अंशांवर असेल तर पंखा तिथेही पुरणार नाही. खात्रीचा उपाय एकच, चिलर. तो परवडत नसेल तर ॲक्सोलॉटल घेऊच नका.

वीज जाते त्या दिवसांसाठी पाण्याच्या बंद बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवा. एका वेळी एकच टाकीत सोडा. तापमान झपकन उतरणंही त्याला सोसत नाही.